पट्टी बसली म्हणून जाड घालताय? आधी या चुका टाळा

कुपवाड एमआयडीसीत स्प्रिंगा आणि पट्टी-क्लिपा बनवतो. "पट्टी बसली हो", म्हणजे वाकलेली पट्टी परत सरळ होईना, असा फोन आठवड्याला एखादा येतोच, आणि त्याच्या पुढचं वाक्य आता पाठ झालंय, "जरा जाड घाला की ओ."

मी पण हेच करून बसलोय. हळद पॉलिशच्या ड्रमच्या दाराला एक क्लिप होती, कार्बन स्टीलची पाणी दिलेली (तापवून बुडवून टणक केलेली) पट्टी, 1 मिमी जाड, 20 रुंद, धरल्यापासून टोकापर्यंत 50. दार लावताना टोक 8 मिमी उचलून खाचेत बसायचं. चार दिवसात क्लिप ढिली. मी 1.5 ची घातली, लावताना माणसाचा अंगठा दुखायला लागला आणि पट्टी पहिल्यापेक्षा जास्त वाकून राहिली!

चूक अशी की वजन ठरलेलं आहे का उचल ठरलेली आहे हे मी बघितलंच नव्हतं. एका टोकाला धरलेल्या पट्टीवर ठरलेलं वजन टांगलं तर जाडी वाढवल्यावर स्ट्रेस, म्हणजे धातूच्या आत पडणारा ताण, कमी होतो, बरोबर आहे. पण इथं खाच 8 मिमीवर आहे, पट्टी जाड असो का पातळ तिला तेवढं वाकायचंच आहे, आणि तेव्हा स्ट्रेस जाडीबरोबर वाढतो. हिशोब एका ओळीचा आहे, 3 गुणिले इलॅस्टिसिटी (धातूचा मूळचा ताठपणा) गुणिले जाडी गुणिले उचल, भागिले लांबीच्या वर्गाची दुप्पट. स्टीलला 205000 एमपीए (स्ट्रेस मोजायचं एकक) धरा, 1 मिमीला 984 एमपीए येतात, दीडला 1476. माझ्या पट्टीचं यील्ड, म्हणजे ज्या स्ट्रेसनंतर पट्टी वाकूनच राहते तो आकडा, 900 च्या आसपास, म्हणजे पहिलीच बसणार होती, दुसरीला तर मी मुद्दाम बसवली.

शेवटी जाडी 1 च ठेवली आणि लांबी 70 केली, स्ट्रेस 502 वर आला. पकड कमी झाली म्हणून रुंदी 40 केली, कारण उचल ठरलेली असली की रुंदीनं स्ट्रेस वाढत नाही, नुसता जोर वाढतो. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर एक पत्रा वाचला असता.

दुसरी गोष्ट, "अजून पाणी द्या म्हणजे कडक होईल." पाणी दिल्यानं यील्ड वाढतं, पट्टी उशिरा बसते, पण हाताला लागणारा ताठपणा जवळपास तोच राहतो कारण इलॅस्टिसिटी बदलत नाही. त्यामुळं हातानं दाबून "ही चांगली, ही नरम" ठरवणं सोडाच. आणि स्टेनलेस म्हणजे स्प्रिंग नव्हे, 304 ग्रेडचा साधा मऊ पत्रा दोनशे-सव्वादोनशे एमपीएलाच वाकून राहतो, स्प्रिंगला कोल्ड रोल केलेलं (गार असतानाच लाटलेलं) 301 मागा.

पत्र्याच्या सर्टिफिकेटवर यील्ड म्हणून छापलेला आकडा बहुतेक वेळा 0.2 टक्के प्रूफचा असतो, म्हणजे तेवढ्या स्ट्रेसला धातू 0.2 टक्के कायमचा ताणला गेलेलाच असतो. त्या आकड्याला टेकून डिझाईन केलं तर बसणारच, थोडी जागा सोडा. धरलेल्या जागी धारदार कोपरा असेल तर अजून जास्त सोडा, नाहीतर कोपऱ्याला गोलाई द्या.

गुंडाळलेल्या कॉम्प्रेशन स्प्रिंगचं थोडं वेगळं. नवी स्प्रिंग पहिल्यांदा पूर्ण दाबली की लांबी जरा कमी होते आणि गिऱ्हाईक घाबरतं. व्हर्नियरनं मोकळी लांबी मोजा, कॉइल कॉइलला टेकेपर्यंत तीनदा दाबा, परत मोजा, मग अजून तीनदा दाबून मोजा. दुसऱ्या वेळी फरक नसेल तर स्प्रिंग ठीक आहे, पहिला फरक धरूनच ती आधी लांब गुंडाळायची असते. दर वेळी कमीच होत गेली तर वायर तरी चुकीची आहे किंवा गुंडाळल्यावर भट्टीत घालून आत राहिलेला स्ट्रेस काढलेला नाही, आणि हे दुसरं घाईच्या ऑर्डरीत फार होतं.