घरकर्ज कुठून घ्यावं: बँक, सहकारी बँक, फायनान्स कंपनी की पतसंस्था?

कोल्हापुरात घरकर्जासाठी फिरायला लागलात की बहुतेक जण आधी व्याजदर विचारतात. त्याआधी एक गोष्ट स्वतःशीच तपासा: कच्चं काय आहे, उत्पन्नाचे कागद की घराचे? कर्ज कुठून घ्यायचं हे त्यावर ठरतं.

दोन्ही पक्कं असेल, म्हणजे पगार खात्यावर जमा होतो, फॉर्म १६ आहे, सिबिल स्कोअर (आधीच्या कर्जफेडीवरून मिळणारे गुण) साडेसातशेच्या आसपास आहे, तर सरळ राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खासगी बँकेत जा. १ ऑक्टोबर २०१९ पासून या बँकांना फ्लोटिंग म्हणजे बदलत्या दराचं नवं घरकर्ज रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) बाहेरच्या दराला जोडावं लागतं आणि निदान तीन महिन्यांतून एकदा दर नव्याने लावावा लागतो. हाउसिंग फायनान्स कंपन्या आणि नागरी सहकारी बँकांवर हे बंधन नाही. तिथे दर संस्थाच ठरवते, त्यामुळे रेपो उतरला तरी तुमचा हप्ता तसाच राहू शकतो.

व्याजदरातला दोन टक्क्यांचा फरक किरकोळ समजू नका. २५ लाख, २० वर्षं मुदत: साडेआठ टक्क्यांनी हप्ता २१,६९६ रुपये, साडेदहा टक्क्यांनी जवळपास २४,९६०. महिन्याला सव्वातीन हजार जास्त, आणि पूर्ण मुदतीत पावणेआठ लाखांच्या वर.

तरीही फायनान्स कंपनीकडे जाणं काहींसाठी बरोबरच असतं. हुपरीतला चांदी कारागीर, शिरोलीत जॉबवर्क करणारा, म्हशींच्या दुधावर घर चालवणारा: कमाई चांगली, पण आयकर रिटर्न भरलेलं नाही किंवा फारच कमी दाखवलेलं. बँक तिथेच थांबते. फायनान्स कंपनीचा माणूस कामाच्या ठिकाणी येतो, दूध संस्थेची बिलं, खरेदी-विक्रीच्या वह्या, खात्यावरची उलाढाल पाहतो आणि त्यावरून उत्पन्न धरतो. या मेहनतीचे आणि जोखमीचे पैसे ती दरात लावते. अशा वेळी कर्ज घ्या, पण फ्लोटिंग दराचंच. व्यक्तीने घेतलेल्या फ्लोटिंग घरकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही. दोन-तीन वर्षं खरं उत्पन्न दाखवून रिटर्न भरा, एकही हप्ता चुकवू नका आणि मग कर्ज बँकेकडे वळवा. ‘पहिली तीन वर्षं फिक्स्ड’ असा करार असेल तर त्या काळातल्या दंडाचं कलम सही करण्याआधी वाचा.

घराचे कागद कच्चे असतील तर मात्र आमचा सल्ला वेगळा आहे. पाचगाव, कळंबा, मोरेवाडी, उचगाव या भागांत प्लॉट किंवा बंगला घेताना बिनशेती आदेश आणि मंजूर रेखांकन मागा. ग्रामपंचायतीचा मिळकत उतारा ही घरपट्टीसाठीची नोंद असते, मालकीचा पुरावा नव्हे. सामाईक सातबाऱ्यातला गुंठा-दीड गुंठा असेल तर बँकेचा वकील फाईल परत पाठवतो, आणि ‘आम्ही करून देतो’ म्हणणारा कोणीतरी जादा दराने कर्ज देऊ करतो. ते घेऊ नका. कर्ज मिळालं म्हणून दोष जात नाही, विकताना तोच दोष पुढच्या खरेदीदाराच्या वकिलाला सापडतो. नदीकाठच्या भागात पूररेषेची माहिती लेखी घ्या. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे नदीकडच्या बाजूला, नव्या बांधकामाला परवानगी मिळत नाही, आणि २०१९ व २०२१ च्या महापुरानंतर याकडे डोळेझाक करणं परवडणारं नाही.

खिशातून किती घालावे लागतील तेही आधी मांडा. कर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के मिळतं, त्यापुढे ७५ लाखांपर्यंत ८०. घर १० लाखांहून महाग असेल तर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या किमतीत धरत नाहीत. सहकारी बँकेत शेअर्सचे पैसेही विचारून घ्या: अडीच टक्के कापले तर २५ लाखांवर साडेबासष्ट हजार अडकतात.

‘सहकारी बँक आपलीच, सांभाळून घेईल’ या भरवशावर राहू नका. आपल्या जिल्ह्यातल्या मुरगूडच्याच एका सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०२० मध्ये ठरवलं की सरफेसी कायदा (कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊन वसुली करण्याचा) सहकारी बँकांनाही वापरता येतो. म्हणजे हप्ते थकून खातं एनपीए (बुडीत) झालं की ६० दिवसांची नोटीस आणि त्यानंतर ताबा.

पतसंस्था दुरुस्तीसाठी किंवा थोड्या मुदतीच्या पाच-सात लाखांसाठी ठीक, वीस वर्षांच्या कर्जासाठी नाही. तिच्यावर रिझर्व्ह बँकेचं नव्हे, सहकार खात्याचं नियंत्रण असतं, त्यामुळे तक्रार उपनिबंधकांकडे करावी लागते. थकबाकी झाली तर सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला जामीनदारांवरही निघतो. दर फ्लॅट आहे का, म्हणजे व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच लावतात का, हे स्पष्ट विचारा: १० लाखांवर १० वर्षांसाठी ८ टक्के फ्लॅट म्हणजे १५,००० हप्ता, आणि घटत्या शिलकीवर तो दर १३ टक्क्यांच्या वर जातो.

बँक असो वा फायनान्स कंपनी, सहीआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ (कर्जाच्या मुख्य अटी आणि खर्चाचा तक्ता) मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून ते देणं बंधनकारक आहे. त्यातला एपीआर (सगळा खर्च धरून येणारा वार्षिक दर) हा आकडा दोन संस्थांची तुलना करायला वापरा, कारण प्रोसेसिंग फी, वकील, मूल्यांकन आणि कर्जात घुसवलेला विम्याचा हप्ता त्यात येतो. तो एकरकमी विमा नाकारून टर्म पॉलिसी (फक्त मृत्यूचं संरक्षण देणारा विमा) वेगळी घेतलेली बरी, नाहीतर विम्यावरही वीस वर्षं व्याज भरत बसाल.

कर्ज फिटल्यावर बँकेने किंवा फायनान्स कंपनीने मूळ कागद ३० दिवसांत द्यायचे असतात. तिच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते. पतसंस्थेला हा नियम लागू नाही, तिथे ‘बाकी नाही’ दाखला लगेच घ्या. सातबाऱ्यावर किंवा प्रॉपर्टी कार्डावर बोजा चढवला असेल तर तो कमी करण्याचा अर्ज तलाठी किंवा सिटी सर्व्हे कार्यालयात तुम्हालाच द्यावा लागतो. नवा उतारा हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.