कुंद्याच्या जिभेने जपानी केक चाखताना

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील पुष्कळ घरांतली मुले आज पुण्यात किंवा बेंगळुरूत नोकरीला आहेत, आणि त्यांच्याकडे गेलेल्या आईवडिलांना ती हौसेने नव्या धाटणीच्या दुकानांत घेऊन जातात. जपानी पद्धतीची छोटी पातिसेरी, म्हणजे केक-पेस्ट्रीचे दुकान, हे त्यांपैकीच एक. तंत्र मूळचे फ्रेंच, पण त्याला जपानी हाताने आलेला हलकेपणा, असे तेथील केकचे थोडक्यात वर्णन करता येईल. पहिला घास घेतल्यावर आपल्यातील बहुतेक जण "फिका आहे" असे म्हणतात. हा अभिप्राय खोटा नाही; मात्र जपानमध्ये "फार गोड नाही" ही केकची मोठी स्तुती समजतात. दूध आटवून आणि साखरेसह तांबूस होईपर्यंत परतून केलेल्या कुंद्यावर जी जीभ वाढली, तिने येथे गोडी शोधू नये. दुधाचा, अंड्याचा आणि फळाचा वास कसा येतो व घास तोंडात कसा विरतो, याकडे लक्ष दिल्यास चव आपोआप उलगडते.

जाण्याची वेळ शक्यतो सकाळची, दुकान उघडल्यानंतर लवकरची ठेवावी. अशा दुकानांत प्रत्येक प्रकार त्या दिवसापुरता आणि मोजकाच केलेला असतो, त्यामुळे दुपारनंतर उरलेल्यांतून निवड करावी लागते. तिखट जेवणावर लगेच जाऊ नये. तंबाखूचे पान खाऊनही जाऊ नये, ही सूचना विशेषतः निपाणीकरांसाठी आहे.

काचेच्या कपाटापुढे उभे राहिल्यावर मागणी नोंदवण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: अंडे आहे का, जिलेटिन आहे का आणि मद्य आहे का. आपल्या जिल्ह्यात जैन व लिंगायत कुटुंबे मोठ्या संख्येने असल्याने हे विचारण्यात संकोच मानण्याचे कारण नाही. पहिल्या प्रश्नावर सगळेच थांबतात. खरी चूक दुसऱ्यावर होते. "अंडे नाही" असे उत्तर मिळाले तरी मूस (फेसासारखा हलका, थंड गोड पदार्थ), न भाजलेला चीजकेक किंवा फळांवरचा चकचकीत थर यांत जिलेटिन असू शकते, आणि ते प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून बनते. त्याऐवजी समुद्री शेवाळापासून होणारे अगर-अगर, म्हणजे आपले चायना ग्रास, वापरले असेल तर प्रश्न मिटतो. मद्याचे म्हणाल तर स्पंज ओलसर राहावा म्हणून त्यावर जो पाक लावतात, त्यात कधी कधी रम किंवा चेरीचे मद्य मिसळलेले असते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

एखाद्या खानावळीची पारख जशी साध्या वरणावरून करावी, तशी या दुकानाची पारख स्ट्रॉबेरी शॉर्टकेकवरून करावी. स्पंज, फेटलेली साय आणि स्ट्रॉबेरी एवढेच त्यात असते, त्यामुळे दोष लपवायला जागा राहत नाही. १९१० साली योकोहामात सुरू झालेल्या फुजिया या कंपनीने १९२२ च्या सुमारास हा केक जपानमध्ये रुळवला असे मानले जाते, आणि आज तेथे नाताळचा केक म्हणजे प्रामुख्याने हाच. आपल्याकडे तो हिवाळ्यात, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा हंगाम असताना मागवावा. इतर दिवसांत त्या ऋतूतील फळाचा केक घेणे शहाणपणाचे.

तुकड्याभोवती पारदर्शक पट्टी गुंडाळलेली असते. तिचे टोक काट्यात पकडून ती हळूहळू काट्यालाच गुंडाळत काढावी, म्हणजे बोटे माखत नाहीत आणि कडेची साय पट्टीसोबत निघून जात नाही. मग निमुळत्या टोकाकडून काटा सरळ खाली दाबून असा घास घ्यावा की त्यात सर्व थर एकत्र येतील. वरची साय आधी चाटून स्पंज मागे ठेवण्याची लहानपणची सवय येथे सोडावी लागते. चांगला स्पंज काट्याने हलके दाबल्यावर पुन्हा वर येतो. साय दुधाची असेल तर ती जिभेवर विरघळून नाहीशी होते. वनस्पती तेलाची असेल तर टाळूवर तुपकट थर मागे राहतो. बाजारातल्या बहुतेक वाढदिवसाच्या केकवर हीच दुसरी साय असते, आणि एकदा हा फरक कळला की तो विसरता येत नाही.

दोघांत तीन तुकडे पुरतात. आधी शॉर्टकेक, मग चीजकेक आणि शेवटी माच्चा (हिरव्या चहाची बारीक पूड) किंवा चॉकलेट, असा सौम्याकडून उग्राकडे क्रम ठेवावा. सोबत बिनसाखरेचा चहा घ्यावा, कारण गोड चहापुढे हे केक खरोखरच फिके पडतात. माँ ब्लाँ मिळाल्यास तो चीजकेकनंतर घ्यावा: वर शेवयांसारखा पिळलेला चेस्टनटचा लगदा असतो, आणि त्याची चव आपल्याकडच्या उकडलेल्या रताळ्याच्या इतकी जवळची आहे की घरच्या वडीलधाऱ्यांना तो सर्वांत आधी आवडतो. माच्चाला प्रथम गवताचा वास येतो अशी तक्रार होते. तोडणीपूर्वी सुमारे तीन आठवडे चहाची झुडपे सावलीत ठेवतात, त्यामुळे पानांत येणारी ती चव आहे; दुसऱ्या-तिसऱ्या घासाला ती कळू लागते.

घरी काय न्यावे, हा बेळगावकरासाठी सर्वांत अवघड भाग. जपानमध्ये दुकानदार घरी पोहोचायला किती वेळ लागेल हे विचारून त्या हिशेबाने खोक्यात बर्फाची पाकिटे ठेवतो. मात्र बेंगळुरूहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसच्या रात्रभराच्या प्रवासाला ती पुरत नाहीत. मी एकदा हौसेने मूस आणला होता, आणि सकाळी खोके उघडल्यावर तो चमच्याने वाढावा लागला. सायीचे केक दुकानातच खावेत आणि घरी कास्तेला न्यावा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर नागासाकीत पोहोचलेला हा केक अंडी, साखर, मैदा आणि धान्याचा गोड पाक यांचा बनतो. पारंपरिक कृतीत लोणी वा तेल नसते. तो गुंडाळून एक रात्र ठेवल्यावर अधिक मऊ होतो, त्यामुळे प्रवासात त्याचे बिघडण्याऐवजी भलेच होते. कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्यावी आणि तळचा कागद सावकाश सोलावा, कारण खाली जाड साखरेचे दाणे चिकटलेले असतात आणि घरातली मुले नेमकी त्यांवरूनच भांडतात.