वेरूळ-अजिंठा सहकुटुंब बघताना या चुका टाळा

अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी. छत्रपती संभाजीनगरच्या सहलीत सगळ्यात जास्त घोळ या दोन वारांमुळे होतो. शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी आली की पुण्या-मुंबईची मंडळी निघतात. शनिवारी पोहोचायचं, रविवारी वेरूळ, सोमवारी अजिंठा आणि तिथूनच परत, हा बेत कागदावर अगदी सरळ दिसतो. मग सोमवारी सकाळी शंभर किलोमीटर गाडी हाकल्यावर लेण्यांजवळच्या फर्दापूरला कळतं की आज काही बघायला मिळणार नाही, आणि मागच्या सीटवरून प्रश्न येतो, "मग आता?"

तर जोडसुट्टीत रविवारी अजिंठा आणि सोमवारी वेरूळ, हाच क्रम ठेवा. मुक्कामात सोमवार-मंगळवार आले असतील तर सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा. चूक झालीच असेल तरी सहल बुडत नाही. दौलताबादचा किल्ला आणि बीबी का मकबरा सोमवारीही बघता येतात, मंगळवारीही. बंद फाटकासमोर चिडचिड करण्यापेक्षा गाडी तिकडे वळवावी.

दुसरी चूक म्हणजे दोन्ही लेणी एका दिवसात उरकणं. नावं कायम जोडीनं घेतली जातात, म्हणून ती शेजारी-शेजारी असतील असं वाटतं. प्रत्यक्षात शहरापासून वेरूळ एका बाजूला सुमारे 30 किलोमीटर, तर अजिंठा दुसऱ्या बाजूला सुमारे 100 किलोमीटर. अजिंठ्याला फुलंब्री, सिल्लोड करत जायला दोन-अडीच तास, यायला तेवढेच, आणि मधे लेण्यांत तीन-चार तास तर हवेतच. लहान मूल किंवा सत्तरीची आजी सोबत असेल तर त्या दिवशी दुसरं काही ठरवूच नका. खान्देश-विदर्भाकडून रेल्वेनं येणाऱ्यांनी तर आधी जळगावला उतरावं. तिथून अजिंठा साधारण 60 किलोमीटरवर आहे. अजिंठा करून मग संभाजीनगरला मुक्कामाला जायचं, म्हणजे शंभर किलोमीटरची उलटी खेप वाचते.

अजिंठ्यात दमछाक का होते

आपली गाडी थेट लेण्यांपर्यंत जात नाही, हे बऱ्याच जणांना तिथं गेल्यावर समजतं. फर्दापूरच्या टी-जंक्शनला गाडी लावायची, दुकानांच्या रांगेतून चालत जायचं आणि तिथून पुढचे चार किलोमीटर बसनं. पाण्याची बाटली, टोपी, आजोबांच्या गोळ्या गाडीत राहिल्या तर त्या आणायला मधेच परत येणं म्हणजे तासाभराची शिक्षा. सामान उतरताना एकदा नीट बघून घ्या. खाऊची पिशवी मात्र गाडीतच राहू दे. माकडं आपल्यापेक्षा चपळ असतात, आणि मुलाच्या हातातला चिप्सचा पुडा ती मुलासकट ओढतात.

बस उतरल्यावर पायऱ्या आहेत, त्या चढल्या की पहिलं लेणं. गुडघे दुखणाऱ्यांसाठी डोली मिळते. भाव मात्र आधी ठरवा, आणि तो जाण्या-येण्याचा मिळून आहे ना, हे स्पष्ट विचारून घ्या. वर पोहोचल्यावर पैशांवरून हुज्जत झाली की ज्यांच्यासाठी डोली केली त्याच आजी म्हणतात, "मी खालीच बसले असते."

खरी दमछाक होते ती क्रमानं बघण्याच्या हट्टामुळे. वाघूर नदीच्या वळणावर घोड्याच्या नालेच्या आकारात 30 लेणी कोरलेली आहेत. एकापासून सुरुवात केलेलं कुटुंब दहाव्यापर्यंत येतं तेव्हा धाकट्याला भूक लागलेली असते, थोरल्याला फोन हवा असतो, आणि 17 व्या लेण्यातल्या जातककथा, म्हणजे बुद्धांच्या पूर्वजन्मीच्या गोष्टी, कुणीच बघत नाही. त्यापेक्षा 1, 2, 16, 17, 19 आणि 26 एवढीच निवडा. पहिल्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र, 17 व्यात जातककथांची चित्रं, 26 व्यात आडवे पहुडलेले महापरिनिर्वाणातले बुद्ध, त्यांच्या पायाशी-कडेला शोक करणारे शिष्य. मूर्ती एवढी लांब आहे की मुलं आपण होऊन तिच्या कडेनं चालत जातात. वेळ उरलाच तर 10 वं लेणं बघा. 1819 मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला ही लेणी दिसली आणि त्यानं आपलं नाव तिथल्या खांबावर कोरून ठेवलं. ऐतिहासिक वास्तूवर बदाम कोरणाऱ्यांचा हा पूर्वज मुलांना जरूर सांगावा, अर्थात अनुकरणासाठी नाही.

चित्रं "दिसलीच नाहीत" अशी तक्रार घेऊन परतणारेही खूप. बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर पहिली काही मिनिटं काळोखच असतो. फ्लॅश वापरायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. दीड हजार वर्षांचे रंग आहेत ते. मोबाइल खिशात ठेवून भिंतीसमोर नुसतं उभं राहा. डोळे सरावले की आधी एखादा डोळा, मग मोत्यांची माळ, मग अख्खा चेहरा उलगडत जातो. चित्रांच्या लेण्यांत चपला बाहेर काढाव्या लागतात, त्यामुळे लेसचे बूट नकोत. एप्रिल-मेमध्ये तापलेल्या दगडावर अनवाणी चालताना पोरं रडतात. पायमोजे जवळ ठेवा.

वेरूळ: कैलासच्या पुढेही लेणी आहेत

वेरूळला 34 लेणी: 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू, 30 ते 34 जैन. आत शिरलं की समोरच 16 वं, म्हणजे कैलास लेणं. लोक तिथं दोन तास काढतात, फोटो घेतात आणि दमून परत फिरतात. उरलेली 33 राहिली तर राहिली. सगळी बघा असं मी म्हणणार नाही. पण 10 व्या लेण्यातलं छत दगडातून कोरलेलं असूनही लाकडी वाशांसारखं दिसतं (म्हणूनच त्याला सुतार का झोपडा म्हणतात), आणि 32 व्यातली इंद्रसभा नक्षीत कुणालाही हार जात नाही. जैन लेणी थोडी लांब आहेत म्हणून टाळली जातात. चालत जाण्याचा अट्टहास नको, तिकडे वाहनानं जाता येतं.

वेरूळचा डोंगर पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी लेण्यांवर सावली आणि दुपारनंतर थेट ऊन. कुटुंब घेऊन जायचं तर लेणी उघडताच पोहोचा. कैलासच्या अंगणात तेव्हा गारवा असतो आणि सहलीच्या बसही आलेल्या नसतात. फोटोंचा शौक असलेल्यानं चार वाजता एकट्यानं परत यावं.

मार्गदर्शक घ्यावा का, यावर घरोघरी वाद होतात. माझं मत असं, की फक्त कैलाससाठी घ्यावा. तिकीटघराजवळ ओळखपत्र असलेले मार्गदर्शक भेटतात. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात, हा अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणला. आधी कळस, मग पाया. हे कुणी हातवारे करून सांगितलं की मुलांचे डोळे विस्फारतात. मार्गदर्शक नको असेल तर मुलांनाच काम द्या: कैलास पर्वत हलवणारा रावण शोधा, एका बाजूच्या भिंतीवर रामायण आणि दुसऱ्या बाजूला महाभारत आहे, त्यातलं काय काय ओळखता येतं ते सांगा. लहानांना शंभर सनावळ्या ऐकवण्यापेक्षा हे बरं.

घृष्णेश्वराचं मंदिर लेण्यांपासून अगदी जवळ आहे, म्हणून "जाता जाता दर्शन" ठरतं. एरवी ते जमतंही. श्रावणी सोमवारी किंवा महाशिवरात्रीला रांगेतच दिवस जातो. गाभाऱ्यात जाताना पुरुषांना अंगातला सदरा काढावा लागतो. हे आधी सांगितलेलं नसलं की ऐन दारात मुलगा अडून बसतो. श्रावणातल्या शनिवारी आणखी एक अडचण येते. खुलताबादच्या भद्रा मारुतीला शहरातून लोक रात्रभर पायी जातात, रस्ता माणसांनी भरलेला असतो. त्या पहाटे गाडी सावकाश चालवायची तयारी ठेवा, नाहीतर वेरूळचा दिवस बदला.

दौलताबाद वाटेत आहे, पण वाटेवर उरकू नका

वेरूळच्या रस्त्यावरच किल्ला लागतो, म्हणून सकाळी "आधी किल्ला, मग लेणी" असं ठरतं आणि दोन्हींचा विचका होतो. किल्ला चढून उतरेपर्यंत ऊन वर आलेलं, पाय गळालेले. पुढे रस्त्यातल्या जुन्या दरवाज्यातून एका वेळी मोजकीच वाहनं जातात, रविवारी तिथं हमखास कोंडी होते. सकाळी लवकर तो दरवाजा ओलांडून वेरूळ गाठा आणि परतताना, उन्हं कलल्यावर किल्ला बघा.

सगळ्यांनी माथ्यापर्यंत जायलाच हवं असंही नाही. चांद मिनार, भारतमाता मंदिर, तोफा हे सगळं खालच्या भागात आहे, आजी-आजोबांना तेवढं पुरतं. पुढे खंदक आणि अंधारी लागते. अंधारी म्हणजे शत्रूला चकवण्यासाठी खोदलेला काळाकुट्ट वळणावळणाचा मार्ग. आत वटवाघळं असतात, वास असतो, आणि पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. दहा वर्षांपुढच्या मुलांना भलतीच मजा येते. कडेवरच्या बाळाला घेऊन मात्र शिरू नये. ज्यांना अंधाराची भीती वाटते त्यांनी आत जाऊन मधेच माघारी फिरण्यापेक्षा बाहेरच थांबावं, कारण मागून माणसं येतच असतात.

खाणं

इथं येऊन रोज रात्री हॉटेलात पनीर बटर मसाला मागवणाऱ्यांना मी काही समजावू शकत नाही. मांसाहार करत असाल तर जुन्या शहरात नान खलिया खा. मटणाचा पातळ, मसालेदार रस्सा आणि तंदुरातली मऊ, पिवळसर पाठीची मोठी नान. मुहम्मद तुघलकाच्या लष्करासोबत तो इथं आला, असं शहरात सांगतात. प्रत्येकासाठी वेगळी नान मागवू नका, आधी एक मागवून आकार बघा. मुलांसाठी नान वेगळी, रस्सा वेगळा ठेवा, तिखट असतो. चकाचक कुटुंबकक्ष शोधत बसलात तर खरी चव हुकेल. जागा साधी असते. बसायला अवघडल्यासारखं वाटलं तर बांधून घ्या.

शाकाहारी मंडळींची निराशा होते ती भलत्या ठिकाणी थांबल्यामुळे. सिल्लोड-अजिंठा बाजूच्या ढाब्यावर शेवभाजी, ठेचा आणि बाजरीची भाकरी सांगा. आमटीइतका शेवभाजीचा रस्सा साधा नसतो, तेव्हा ताक आधीच मागवा. पावसाळा सरताना दौलताबादच्या रस्त्यावर सीताफळं मिळतात. ती पिकलेली घ्यायची असतील तर त्याच दिवशी खा, घरी न्यायची असतील तर कडक निवडा. पिकलेली सीताफळं डिकीत ठेवून पुण्यापर्यंत नेली की काय होतं ते सांगायला नको. जेवणानंतर उस्मानपुऱ्यात तारा पान सेंटरचं पान.

उरलेल्या गोष्टी

संग्रहालय संध्याकाळसाठी राखून ठेवू नका, तोवर ते बंद होतं. सोनेरी महालातल्या पुरातत्त्व संग्रहालयाला दुपारचे भाजणारे तास द्या. सरकारी संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात, हेही लक्षात असू द्या. बीबी का मकबरा उन्हं उतरल्यावर छान दिसतो. फक्त "डिट्टो ताजमहाल" अशी मुलांची समजूत करून नेऊ नका. इथं संगमरवर घुमटाला आणि भिंतींच्या खालच्या भागाला आहे, बाकीचा चुन्याचा गिलावा. कुठं दगड संपतो आणि कुठं गिलावा सुरू होतो हे हात न लावता ओळखायला सांगितलं, तर पोरं तासभर रमतात.

पैठणी घ्यायची असेल तर वाहनचालक नेईल त्या पहिल्या "कारखान्यात" पैसे मोजू नका. पदर उलटा करून बघा. हातमागाची वीण दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, यंत्रमागाच्या पाठीमागे सुटे धागे लोंबतात. दुकानदार पदर उलटू देत नसेल तर उठा.

मुंबईकडून समृद्धी महामार्गानं येणाऱ्यांनी थेट वेरूळ गाठायचं असेल तर शहरात न शिरता माळीवाड्याला उतरावं. या रस्त्यावर खाण्याची आणि स्वच्छतागृहांची सोय बऱ्याच अंतरा-अंतरानं आहे, तेव्हा मुलांना "पुढच्या हॉटेलला थांबू" असं सांगू नका. डबा आणि पाणी सोबत घ्या, इंधन आधी भरा. काँक्रीटचा सरळ रस्ता आणि तापलेले टायर ही जोडी धोक्याची असते. निघण्याआधी चारही टायरची हवा तपासा, आणि पाचव्या, म्हणजे डिकीतल्या, चाकाचीही.