कोडिंगचा वेगळा तास नको: प्राथमिक वर्गात ते विषयांच्या आतून कसे शिकवावे

प्राथमिक शाळेत कोडिंग शिकवायचे म्हटले की पहिला प्रश्न संगणकांचा निघतो आणि दुसरा वेळापत्रकाचा, आणि बहुतेक ठिकाणी चर्चा तेवढ्यावरच थांबते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये प्रत्यक्ष कोडिंगचे उपक्रम सहावी ते आठवीच्या टप्प्यावर ठेवले आहेत. मात्र गणित आणि संगणकीय विचार (म्हणजे काम लहान, क्रमवार पायऱ्यांत मांडण्याची पद्धत) यांवर पायाभूत स्तरापासूनच, म्हणजे बालवाडी ते दुसरीपासूनच, भर द्यावा, असेही तेच धोरण सांगते. दुसरी ते पाचवीच्या शिक्षकाला करता येण्याजोगे काम या दोन विधानांच्या मधल्या जागेत आहे. त्यासाठी खडू, मैदान, वही आणि आधीपासून ठरलेला अभ्यासक्रम पुरतो. उपक्रम निवडताना मात्र एक कसोटी पाळावी: कोडिंगमुळे तो पाठ अधिक नीट कळणार नसेल, तर तो उपक्रम घेऊ नये.

सुरुवात जून महिन्यात, वह्यांना कव्हर घालण्याच्या कामापासून करावी. मुलांनी जोडीने बसून कव्हर घालण्याच्या सूचना क्रमाने लिहाव्यात आणि शिक्षकांनी यंत्र होऊन, लिहिले असेल तेवढेच आणि तसेच करावे. ‘कागद दुमडा’ एवढेच लिहिले असेल तर कागद कसाही दुमडून उभे राहावे. ‘वही ठेवा’ असे लिहिले असेल आणि कुठे ते लिहिले नसेल, तर वही खुर्चीवर ठेवावी. वर्ग हसेल, आणि हसू द्यावे. त्यानंतर कागद परत देऊन एका वेळी एकच ओळ दुरुस्त करायला सांगावी आणि दर वेळी पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात करावी. सूचना, त्यांचा क्रम आणि चूक शोधणे या तीन गोष्टी मुलांना इथेच भेटतात, आणि आज्ञार्थी वाक्यांचा मराठीचा पाठही याच तासात होऊन जातो. शिक्षकाने मनाने शहाणपणा करून सूचनेतली उणीव भरून काढली, तर मात्र सगळा उपक्रम वाया जातो. म्हणून हे काम वाटते तितके सोपे नाही.

मैदानावरचे गणित

शारीरिक शिक्षणाच्या तासाला ‘दाहिने मुड’ ऐकून मुले काटकोनात वळतात, तेव्हा ती एक आज्ञा पाळत असतात. तोच धागा गणिताच्या तासाला पकडावा. तिघांचा गट करावा: एकाने सूचना लिहायच्या, दुसऱ्याने त्याप्रमाणे चालायचे आणि तिसऱ्याने झालेल्या प्रत्येक ओळीपुढे खूण करायची, या भूमिका प्रत्येक फेरीला बदलाव्यात, नाहीतर चुणचुणीत मूल कायम लिहिणारा होऊन बसते. पहिले काम चौरसाचे द्यावे. ‘पाच पावले पुढे, उजवीकडे वळ’ ही जोडी चार वेळा लिहावी लागते आणि तिसऱ्या वेळेपर्यंत मुले कंटाळतात. हा कंटाळा शिक्षकांनी टाळू नये, कारण ‘ही जोडी 4 वेळा करा’ असे एका ओळीत लिहिण्याची गरज त्यातूनच निर्माण होते. पुनरावृत्तीची संकल्पना आधी फळ्यावर समजावून सांगितली, तर ती केवळ आणखी एक व्याख्या ठरते. पुढे आयत द्यावा आणि त्यात कोणत्या सूचना पुन्हा येतात, किती वेळा, हे मुलांनाच शोधू द्यावे.

कोनमापक हाताळता येऊ लागला की समभुज त्रिकोण द्यावा, आणि इथे घाई करू नये. त्रिकोणाचा प्रत्येक कोन 60 अंशांचा असतो हे मुलांना ठाऊक असल्यामुळे ती ‘60 अंश वळ’ असे लिहितात, आणि तीन बाजू चालून झाल्यावरही आकृती उघडीच राहते. तसेच पुढे चालू दिले, तर सहा बाजूंनंतर षट्कोन पूर्ण होतो. चालणारा आतला कोन वळत नाही. तो सरळ जाण्याची दिशा सोडून जेवढा फिरतो, तेवढे त्याचे वळण असते, म्हणजे 180 वजा 60, अर्थात 120 अंश. नंतर तक्ता करून घ्यावा: 3 वेळा 120, 4 वेळा 90, 6 वेळा 60, आणि प्रत्येक वेळी गुणाकार 360. मुलांसाठी 1967 मध्ये तयार झालेल्या लोगो या संगणकभाषेतले कासव, म्हणजे सूचनेप्रमाणे फिरत रेघ ओढणारी आकृती, नेमके याच पद्धतीने आकृत्या काढत असे. ती भाषा घडवणाऱ्यांपैकी सीमोर पॅपर्ट यांचा आग्रहच होता की मुलाने कासवाच्या जागी स्वतःला कल्पून चालावे.

बेरजेतला हातचा हा कोडिंगमधल्या अटीचाच, म्हणजे ‘असे असेल तर हे, नाहीतर ते’ या सूचनेचाच प्रकार आहे (एककांची बेरीज 9 पेक्षा जास्त असेल तर हातचा घ्या, नसेल तर पुढे जा), परंतु तो मुलांच्या हातात इतका बसलेला असतो की त्यावर वेगळा तास खर्च करण्याची गरज नाही.

मराठीच्या तासाला जर-तर

अट शिकवण्यासाठी मराठीचे शुद्धलेखन गणितापेक्षा सरस आहे, असे माझे मत आहे. फळ्यावर एकच नियम लिहावा: ‘शब्दाचे शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीच्या अक्षरातला इकार किंवा उकार दीर्घ लिहा, नाहीतर ऱ्हस्व लिहा.’ मग एकेक शब्द या नियमातून गाळून घ्यावा. फूल आणि फुले, बहीण आणि बहिणी, गरीब आणि गरिबी या जोड्या निर्धोक पार पडतात आणि ‘मूल’ दीर्घ असताना ‘मुले’ ऱ्हस्व का, हे कोड्यासारखे वाटणारे प्रकरण मुलांना प्रथमच नियमाने सुटताना दिसते. त्यानंतर ‘गुण’ हा शब्द द्यावा. नियम ‘गूण’ लिहायला सांगतो. मग ‘पूजा’ द्यावा. नियम ‘पुजा’ सांगतो. प्रोग्राम बिघडला!

दुरुस्ती मुलांकडूनच काढून घ्यावी. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द हा नियम पाळत नाहीत. त्यांची एक यादी भिंतीवर लावावी आणि नवीन अट लिहावी: ‘शब्द यादीत असेल तर यादीप्रमाणे लिहा.’ ही अट कुठे ठेवायची, यावर वर्गात हमखास वाद होतो. ती शेवटी ठेवली तर आधीचा नियम ‘गूण’ लिहून मोकळा होतो. म्हणून अपवाद आधी तपासावा लागतो आणि नियम नंतर. अटींचा क्रम बदलला की उत्तर बदलते, हे कोडिंगमधले महत्त्वाचे सत्य तिसरी-चौथीतले मूल अशा रीतीने एका अक्षराच्या वेलांटी-उकारावरून शिकते. यादी वर्षभर वाढत ठेवावी आणि ज्याला नवा शब्द सापडेल त्यानेच तो तिच्यात लिहावा.

कवितेच्या तासाला ‘ध्रु.’ या खुणेकडेही मुलांचे लक्ष वेधावे. प्रत्येक कडव्यानंतर ध्रुवपद पुन्हा म्हणायचे असते, पण ते एकदाच पूर्ण छापून पुढे केवळ खुणेने सुचवले जाते. सूचनांच्या संचाला नाव देऊन तो हवा तिथे नावाने बोलावणे म्हणजे हेच. लेझीममध्येही चार ठोक्यांचा एक प्रकार आठ वेळा करताना मुले पुनरावृत्तीच्या आत पुनरावृत्ती करत असतात.

परिसर अभ्यासातील वर्गीकरण

प्राण्यांचे गट शिकवताना केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर येणाऱ्या प्रश्नांचा फाटे फुटणारा तक्ता मुलांकडून करून घ्यावा. ‘पंख आहेत का?’ या प्रश्नाच्या ‘होय’पुढे बहुतेक गट ‘पक्षी’ लिहितात. शिक्षकांनी काही न बोलता फुलपाखराचे चित्र द्यावे आणि त्यानंतर वटवाघळाचे. तक्ता दोघांनाही पक्षी ठरवतो. चर्चा करत मुले ‘पिसे आहेत का?’ या प्रश्नापर्यंत आली, की ती पक्ष्यांच्या खऱ्या लक्षणापर्यंत पोहोचलेली असतात, आणि ते पाठ करण्याची वेळ येत नाही.

पडद्याकडे कधी वळावे

पहिले सत्र पूर्णपणे पडद्याविना घ्यावे. दुसऱ्या सत्रात शाळेत एखादा टॅब असेल तर पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी 2014 मध्ये आलेले स्क्रॅचज्युनियर हे मोफत अ‍ॅप वापरावे. त्यातील ब्लॉकवर, म्हणजे एकमेकांना जोडायच्या सूचनांच्या ठोकळ्यांवर, शब्दांऐवजी चित्रे असल्यामुळे वाचन कच्चे असलेल्या मुलालाही ते चालवता येते. त्यात एका प्रकल्पात जास्तीत जास्त चार पाने करता येतात, आणि फुलपाखराच्या जीवनचक्रात अंडे, अळी, कोष आणि फुलपाखरू अशा चारच अवस्था असल्यामुळे पहिला प्रकल्प तोच द्यावा. चारही पाने आधी वहीत काढून, प्रत्येक पानाखाली काय घडेल ते एका वाक्यात लिहून घ्यावे आणि मगच टॅब हातात द्यावा. बाहेरून काहीच हलताना दिसत नसल्यामुळे काही मुले कोषाचे पान गाळतात. त्यांना रागावण्याऐवजी ‘थांबा’चा ब्लॉक दाखवावा आणि त्या थांबण्याच्या काळात कोषाच्या आत काय घडत असते, हा प्रश्न विचारावा.

मूल्यमापन तयार झालेल्या चित्रावरून करू नये, कारण चित्र शेजाऱ्याचे पाहूनही काढता येते. त्याऐवजी एक चूक मुद्दाम पेरलेला प्रोग्राम कागदावर द्यावा आणि चूक कोणत्या ओळीत आहे व ती का आहे, हे मुलाने तोंडी सांगावे. इतिहासाच्या पाठातील सनावळ्या केवळ बाणांनी जोडून त्याला कोडिंग म्हणण्याचा मोह आवरावा; त्यात ना अट असते, ना चूक सापडण्याची शक्यता. पंधरवड्याला एक उपक्रम पुरेसा आहे. वर्गाची एक चुकांची वही ठेवावी आणि तिच्यात तारीख, चूक आणि ती शोधणाऱ्या मुलाचे नाव लिहावे. चूक कोणी केली ते मात्र लिहू नये.