यादीतून आकडे गाळताना मूळ यादीला हात लावू नका

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत लूप (यादीतला एकेक आकडा क्रमाने घेणारी फेरी) फिरत असतानाच त्याच यादीतून आकडे काढले, तर काही आकडे तपासलेच जात नाहीत. २, ४, ६, ७, ८ मधून सम संख्या रिमूव्ह करून बघा: ७ सोबत ४ सुद्धा उरतो. २ गेला की ४ त्याच्या जागी सरकतो आणि लूप मात्र पुढच्या जागेवर गेलेला असतो. एरर येत नाही, हा खरा वैताग.

त्यापेक्षा असं करा:

१. लूपच्या आधी एक रिकामी यादी घ्या. लूपच्या आत घेतली तर दर फेरीला ती पुन्हा रिकामी होईल.
२. मूळ यादीवर लूप फिरवा. अट लिहा ती काय ठेवायचं याची, काय काढायचं याची नव्हे.
३. अट पाळणारा आकडा नव्या यादीत अपेंड करा, म्हणजे शेवटी जोडा.

उलट्या क्रमाने, इंडेक्स (आकड्याच्या जागेचा क्रमांक) वापरूनही काढता येतं, पण नवशिक्यांनी त्या भानगडीत पडू नये.

एक लक्षात ठेवा: विषम संख्या ओळखताना '२ ने भागल्यावर बाकी १ आहे का' असं विचारू नका, 'बाकी ० नाही ना' असं तपासा. पायथॉनमध्ये दोन्ही चालतं. सी किंवा जावा या भाषांमध्ये मात्र -३ ला २ ने भागल्यावर बाकी -१ येते, म्हणून 'बाकी १' ही अट तिथे फसते.