तुळजापूरच्या दर्शनाला जोडून तेर आणि नळदुर्ग कसं करायचं

तुळजापूरला एवढी गर्दी येते, दर्शन झालं, प्रसाद घेतला की गाडी थेट घराकडं, आणि तासाभरावर तेर हे दोन हजार वर्षांचं व्यापारी गाव हाय याचा कुणाला पत्ताच नसतो. एक मुक्काम वाढवा, बास.

आधी तारीख धरा. सोमवार टाळा, सरकारी म्युझियम त्या दिवशी बहुतेक बंदच असतात. नळदुर्ग किल्ल्यातले धबधबे बघायचे असतील तर बोरी नदीला भरपूर पाणी पाहिजे, म्हणजे पावसाळ्याचा शेवट. निघायच्या आदल्या दिवशी तिकडच्या कुणाला तरी फोन लावा, रील बघून निघू नका, ती कधीची असंल सांगता येत नाही.

पहिला दिवस तेरला द्या. धाराशिव स्टँडवरून एसटी मिळते, अंतर वीसेक किलोमीटर, बायकांना अर्धं तिकीट. उतरल्यावर लोक आधी देवळाकडं वळतात, तुम्ही आधी लामतुरे म्युझियम करा (चालू हाय ना ते विचारून घ्या). कारण हे गाव म्हणजे जुनं तगर, पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी नोंदीत याचं नाव येतं, पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, इथलं कापड अन् मलमल गाड्यांनी भरूचला जायची अन् तिथून जहाजानं पुढं. मणी, मातीच्या मूर्ती, शंखाच्या बांगड्या बघत जा, पण थांबायचं ते हस्तिदंती बाहुलीपाशी. इटलीतलं पॉम्पेई इ.स. 79 साली ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं, तिथं हिच्यासारखीच हस्तिदंती मूर्ती सापडलीय! हे बघितल्यावर गाव वेगळंच दिसायला लागतं.

मग त्रिविक्रम मंदिर. समोरून दर्शन घेऊन लगेच वळू नका, वळसा घालून मागं जा. मागची भिंत सरळ नाही, अर्धगोल हाय, वर छप्पर पण कमानीसारखं, सगळं विटांचं. मूळचा हा बौद्ध चैत्य, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनाघर, अन् विष्णू नंतर आले असं बरेच अभ्यासक मानतात. शेवटी गोरोबाकाकांची समाधी, तिथं निवांत बसा. मुक्काम तुळजापुरात, लॉजची कमी नाही, फक्त नवरात्र अन् पौर्णिमा सोडून या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नळदुर्ग गाठा, ऊन चढलं की किल्ल्यात सावली कमी. पायात बूट, हातात पाणी. आधी उपळी बुरुज चढून घ्या, पायऱ्या दमवतात पण वरून सगळी तटबंदी दिसते. मग पाणी महाल, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, 1613 चा. बंधाऱ्याच्या भिंतीतच खोल्या काढल्यात, नदी भरली की नर-मादी धबधबे वरून कोसळतात अन् आपण आत कोरडे उभे. पायऱ्या ओल्या असतात, लेकरांचा हात सोडू नका.

परतीला माघारी तुळजापूरला जायची गरज नाही, सोलापूर-हैदराबाद हायवे गावातूनच जातो, सोलापूरची एसटी धरा अन् तिथून रेल्वे.