पॉइंट टू-टू रायफल: जाड बॅरल की बारीक?

नेमबाजीच्या रेंजवर नवा माणूस आला, की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात प्रश्न येतोच: "ताई, स्वतःची रायफल घ्यायची आहे. बॅरल हेवी घेऊ की लाइट?" मी उलट विचारते, "मारणार कसं? झोपून, उभ्याने, की रायफल घेऊन चालत फिरणार?" हा विचार बहुतेकांनी केलेलाच नसतो. जाड नळी म्हणजे अचूक आणि बारीक म्हणजे कामचलाऊ, एवढंच डोक्यात असतं. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं, आणि त्यापायी माझा एक अख्खा हंगाम फुकट गेला.

आधी हिशेब बघा. ५० सेंटिमीटर लांबीची पोलादी बॅरल सरळसोट १५ मिलिमीटर जाडीची असेल, तर तिचं वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास भरतं. तीच २३ मिलिमीटर जाडीची केली की दीड किलो. वजन झालं अडीचपट, पण ताठपणा वाढतो साडेपाच पटींनी, कारण ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे जाड बॅरल कमी वाकते, गोळी सुटताना कमी थरथरते. हे खरंच आहे आणि त्यात वाद नाही.

पण आपण पॉइंट टू-टू रिमफायरबद्दल बोलतोय, म्हणजे जिथे पिन काडतुसाच्या कडेवर आपटते त्या लहान काडतुसाबद्दल. नेहमीच्या काडतुसातली गोळी ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची. स्टँडर्ड काडतुसातून ती सेकंदाला साधारण ३३० मीटर वेगाने निघते, आवाजापेक्षाही थोडी हळू. दारू चिमूटभर, धक्का नावापुरता. मोठ्या बोअरच्या, म्हणजे नळीचं छिद्र मोठं असलेल्या, रायफलीत दहा-पंधरा गोळ्यांत बॅरल चटका बसेल इतकी तापते आणि बारीक असेल तर मार सरकायला लागतो. तिथे जाडीला ते एक मोठं कारण आहे. इथे चाळीस गोळ्या मारल्या तरी बॅरल जेमतेम कोमट होते. त्यामुळे पॉइंट टू-टूमध्ये जाड बॅरलचा खरा फायदा मला धातूत कमी आणि हातात जास्त दिसतो.

तो कसा दिसतो ते सांगते. उभ्याने रायफल धरून स्कोपमधून, म्हणजे वरच्या दुर्बिणीतून, बघा. बारीक बॅरल असेल तर टार्गेटच्या काळ्या वर्तुळावर स्कोपमधल्या नेमाच्या तारा माशीसारख्या भिरभिरतात. हृदयाचा प्रत्येक ठोका दिसतो, चाप दाबताना बोट जरा वाकडं गेलं तर तेही दिसतं. पुढून जड रायफल घेतली की त्याच तारा पाण्यातल्या होडीसारख्या संथ डोलतात. डोलणं थांबत नाही, पण चाप कधी ओढायचा हे ठरवायला वेळ मिळतो. शिवाय चाप सुटल्यावर गोळीला बॅरलमधून बाहेर पडायला काही मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात हात हलला, तर जड टोक त्या हलण्याला सहज दाद देत नाही.

या स्थिरतेची किंमत स्नायू मोजतात. माझ्या वाया गेलेल्या हंगामात मी ६६ सेंटिमीटरची जाड बॅरल घेतली होती. नुसती बॅरलच दोन किलोची, स्कोप धरून रायफल पाच किलोंच्या वर. मारायचे मात्र बहुतेक उभ्याने, तेही नेमबाजीच्या ताठ जॅकेटशिवाय. पहिल्या दहा गोळ्या इतक्या सुंदर बसायच्या की माझा विश्वास पक्का व्हायचा. पंचविसाव्या गोळीनंतर डावा खांदा भरून यायचा, कंबर धरायची आणि गोळ्या डावीकडे खाली उतरायच्या. दोष माझ्या चाप ओढण्यात आहे असं समजून मी महिनोन्‌महिने त्याचाच सराव करत बसले. शेवटी कोचनी तिसाव्या गोळीला माझ्या हातातली रायफल काढून जुनी बारीक बॅरलची रायफल दिली. पुढच्या दहा गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, लहान आला. त्या दिवशीचं टार्गेट अजून माझ्या वहीत आहे.

जगातही हेच दिसतं. ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने मारायच्या स्पर्धेत, पुरुषांच्या रायफलीला ८ किलोंपर्यंत मुभा आहे. बायथलॉनमध्ये खेळाडू रायफल पाठीला लावून बर्फावर स्की करतात, आणि तिथे नियम किमान वजनाचा आहे, ३.५ किलो. काडतूस तेच, अंतर तेच ५० मीटर. पण एकीकडे दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं आणि अंगात ताठ जॅकेट. दुसरीकडे झोपून मारायचं लक्ष्य ४५ मिलिमीटरचं, उभ्याने ११५ मिलिमीटरचं, आणि धापा टाकत मारायचं.

तेव्हा घेण्याआधी स्वतःवर चाचणी करा. रायफल रिकामी आहे ना, ते डोळ्यांनी आणि बोटाने दोन्ही तपासा, तोंड सुरक्षित दिशेला ठेवा. भिंतीवर एक ठिपका काढा. एक मिनिट नेम धरा, अर्धं मिनिट विश्रांती, असं दहा वेळा. पहिल्या मिनिटाला फार किंमत देऊ नका, आठव्या-नवव्या मिनिटाला तारा कुठे फिरतात ते बघा. मग फोरएंडच्या (दस्त्याचा बॅरलखालचा पुढचा भाग) पुढच्या टोकाला पाव किलो वाळूची पिशवी चिकटपट्टीने बांधून दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करा, मग अर्धा किलो बांधून. तुम्हाला पेलणारं वजन कुठे संपतं ते तुमचे खांदे सांगतील. या सरावात चाप ओढायचा असेल तर नकली काडतूस घाला. कित्येक रिमफायर रायफलींत रिकाम्या चेंबरवर (काडतूस बसते ती जागा) पिन आपटली की चेंबरची कड दबते.

लांबीकडेही बघा, हे बरेच जण विसरतात. पॉइंट टू-टूची दारू ४०-४५ सेंटिमीटरमध्ये आपलं काम उरकते, पुढच्या लांबीने वेग फारसा वाढत नाही. उघड्या साइटने (बॅरलवरच्या नेमाच्या खुणांनी) मारणाऱ्याला लांब बॅरलचा उपयोग आहे, कारण पुढची-मागची साइट दूर गेली की नेमातली चूक लवकर कळते. स्कोप लावणाऱ्याला तो नाही. उलट त्याच जाडीची बॅरल ५० ऐवजी ४० सेंटिमीटर घेतली, तर टोकाशी ती जवळजवळ दुप्पट ताठ होते आणि वजनही उतरतं. दोन्हींच्या मधलं काही हवं असेल, तर मुळाशी जाड आणि तोंडाकडे निमुळती होत जाणारी बॅरल मला सगळ्यात आवडते. खाचा पाडलेली किंवा कार्बन फायबरचं वेष्टण असलेली बॅरलही मिळते; वजनाची बचत होते, पैसे मात्र जास्त पडतात.

बारीक बॅरल घेतलीत तर एक पथ्य पाळा. ती कशाला टेकते, यावर तिचा मार बदलतो. सँडबॅगवर बॅरल टेकवू नका, दस्ता (रायफलीचा लाकडी किंवा प्लास्टिकचा सांगाडा) टेकवा. स्लिंग, म्हणजे हाताला ताणून धरायचा पट्टा, ओढल्यावर दस्ता वाकून बॅरलला लागतो का ते पाहायला बॅरल आणि दस्त्यामधून कागदाची पट्टी सरकवून बघा. स्लिंग सैल असताना आणि ताणलेली असताना, दोन्ही वेळा. जाड बॅरल बदलून बसवणार असाल तर दस्त्यातला खाचा रुंद करावा लागेल हे धरून चाला. जाड बॅरलवर बहुधा साइट नसतात, म्हणजे स्कोपचं वजन वरून आलंच.

काडतुसाचं तर विचारूच नका. चार कंपन्यांची काडतुसं आणून, सँडबॅगवर ५० मीटरला पाच-पाच गोळ्यांचे निदान चार ग्रुप प्रत्येकाचे मारा. बारीक बॅरलला आवडलेलं काडतूस जाड बॅरलच्या नावडत्या काडतुसाला सहज मागे टाकतं. हे करण्याआधी कुठल्याही बॅरलला नावं ठेवू नका.

झोपून किंवा बेंचवरूनच मारणार असाल, तर जाड घ्या, मी अडवणार नाही. चालायचं असेल तर बारीक. उभ्याने मारणाऱ्याने वाळूची पिशवी बांधल्याशिवाय निर्णय घेऊ नये. गेल्या महिन्यात एका चौदा वर्षांच्या मुलीने ही चाचणी केली. वडील जाड बॅरलवर अडून बसले होते. अर्धा किलो बांधल्यावर सहाव्या मिनिटाला तिची कोपर खाली आली, पाव किलोवर दहाही मिनिटं टिकली. तिने ४२ सेंटिमीटरची निमुळती बॅरल घेतली. पाव किलोची पट्टी वडिलांनी स्वतः फोरएंडच्या आत बसवून दिली, मुलगी मोठी झाली की वाढवता येईल अशी.